मोडत्या घराच्या दारात आपण कुठे?

लग्नाचे मिस्साबलिदान आटोपले, की वधूवर, दोन साक्षीदार आणि धर्मगुरू वेदीच्या बाजूच्या खोलीत जातात. बाहेर पायऱ्यांवर बॅण्डवाले ताटकळलेले असतात, करवल्या पुष्पगुच्छ सावरीत असतात, फोटोग्राफर घाई करीत असतो. आत एका जाड नोंदवहीत सह्या होतात. शेवटची सही आमची असते. ती आम्ही ख्रिस्तसभेचे सेवक म्हणून करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे तीच नोंद शासनदरबारीही रुजू होते, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. एकाच शाईने, एकाच ओळीत आम्ही एक संस्कार नोंदवितो आणि एक कायदेशीर नातेही नोंदवितो.

आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. तेच जोडपे काही वर्षांनी त्याच खोलीच्या दारात येते. या वेळी दोघे एकत्र येत नाहीत, एकटे कोणीतरी येते. हातात पुष्पगुच्छ नसतो, वकिलाची नोटीस असते. त्या दिवशी आम्ही काय करतो? खरे बोलायचे, तर आम्ही पिलाताप्रमाणे पाण्याचे भांडे मागवितो.

हे आम्ही दुसऱ्या कोणावर ठेवून बोलत नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका धर्मग्रामात आम्ही सेवेस होतो. एका संध्याकाळी नोव्हेनानंतर एक बाई मुलाचा हात धरून आमच्याकडे आली. नवरा तीन वर्षे वेगळा राहत होता. कोणा ओळखीच्या माणसाने स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी टंकून आणली होती. दोघे एकमेकांना मोकळे करीत आहेत, बाईचा पोटगीवर हक्क नाही, दोघांच्या नावे असलेली खोली नवऱ्याने विकण्यास तिची हरकत नाही, असा तो मजकूर होता. तिने सरळ विचारले, ‘फादर, यावर सही करू का?’ आम्ही तो कागद पुरता वाचलादेखील नाही. म्हणालो, ‘बाय, चर्चमध्ये घटस्फोट नाही. प्रार्थना कर, क्रूस उचल.’ ती मान डोलावून गेली, आणि तिने सही केली. अशा सोडचिठ्ठीला कायद्यात कवडीची किंमत नाही, हे तिला फार उशिरा कळले. कायद्याच्या दृष्टीने ती त्या माणसाची पत्नीच राहिली होती. खोली मात्र विकली गेली होती. त्या कागदाने लग्न मोडले नव्हते, घर तेवढे मोडले होते.

तिने आम्हांला धर्मसिद्धान्त विचारला नव्हता. तो तिला कॅटेकिझमच्या वर्गापासून पाठ होता. तिने एका कागदाबद्दल विचारले होते. ‘थांब बाय, सही करू नकोस, आधी चांगल्या वकिलाला दाखवू’ एवढे एक वाक्य आम्ही बोललो असतो, तर तिच्या डोक्यावरचे छप्पर वाचले असते. ते वाक्य आमच्या ओठी आले नाही. कारण वकिलाचे नाव उच्चारणे म्हणजे घटस्फोटाला हातभार लावणे, असे सेमिनरीतून बाहेर पडल्यापासून आम्ही मनाशी धरून चाललो होतो. ही समजूत चुकीची आहे, आणि ती बाळगणारे धर्मग्राम आपल्याच लेकरांचे नुकसान करते, हेच आज आम्हांस निक्षून सांगायचे आहे.

आमचे म्हणणे ऐकले, की चार आक्षेप हमखास पुढे येतात. त्यांना एकेक करून सामोरे जाऊ.

पहिला आक्षेप असा, की ख्रिस्तसभा विवाहबंध अतूट मानते, तेव्हा कोर्टाच्या वाटेवर मदत करणे हे पापात भागीदार होणे आहे. विवाहबंध अतूट आहे. त्यातले अक्षरही आम्ही गाळीत नाही. पण ज्या ख्रिस्तसभेचे नाव घेऊन हा आक्षेप येतो, तिचीच शिकवण पुरती वाचली पाहिजे. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातला २३८३ वा परिच्छेद सांगतो, की कायदेशीर हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारशाचे रक्षण यांसाठी दिवाणी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो स्वीकारणे हा नैतिक अपराध ठरत नाही. तीन परिच्छेद पुढे हाच ग्रंथ ज्याने संसार मोडला तो आणि ज्याच्यावर मोडका संसार लादला गेला तो, यांत स्पष्ट भेद करतो. धर्मकायद्याचा ११५३ वा नियम जोडीदारापासून देहाला वा मनाला गंभीर धोका असणाऱ्यास वेगळे होण्याची मोकळीक देतो. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतीसिया’ या पत्रकात याहून पुढे जाऊन लिहिले, की दुर्बल जोडीदाराला आणि लहान मुलांना मारझोडीपासून वाचविण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही असते. अतूट काय आहे आणि कायद्याने कशाचे रक्षण करावयाचे आहे, या दोन गोष्टी ख्रिस्तसभेने वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यांची गल्लत आपण करतो, आणि त्या गल्लतीलाच निष्ठा म्हणतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा आहे. ‘फादर, चर्चच्या आवारात वकील बसवाल, तर घटस्फोटाचे दुकान मांडल्यासारखे होईल. सोय झाली, की घरे मोडतील.’ याला उत्तर आपल्या कायद्याच्या इतिहासातच आहे. माल्टाने घटस्फोटाचा कायदा २०११ मध्ये केला, आयर्लंडने १९९५ च्या जनमतानंतर. आपल्या देशात ख्रिस्ती माणसांसाठी तो १८६९ पासून आहे. म्हणजे दार दीडशे वर्षांपासून आहेच; ते फक्त अवघड आणि अन्यायी होते. पतीने पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, परित्याग असे आणखीही काही सिद्ध करावे लागे. त्यातून जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला, तरी उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो कायम करीपर्यंत सुटका नसे. विधी आयोगाने १९६० मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये या कायद्यात बदल सुचविले. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये त्यातल्या अन्यायी तरतुदी राज्यघटनेच्या कसोटीवर नाकारल्या. तेव्हा कुठे २००१ मध्ये संसदेने कायदा सुधारला. हिंदू दांपत्यांना परस्परसंमतीची वाट १९७६ पासून होती. ख्रिस्ती दांपत्यांना ती २००१ मध्ये मिळाली. तोवर शांतपणे दूर होऊ पाहणाऱ्यालाही जोडीदाराच्या चारित्र्यावर चिखल उडवावा लागे. अवघड दाराने घरे राखली असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या बंद दाराआड राहिलेल्या आपल्या आत्या-मावश्यांना विचारावे.

तिसरा आक्षेप म्हणजे, ‘आपले चर्चचे न्यायालय आहे ना? तिथून कागद मिळाला म्हणजे झाले.’ असे मानणारी सुशिक्षित माणसे आम्ही पाहिली आहेत. वाचकहो, हे दोन कागद वेगळे आहेत, आणि एक दुसऱ्याची जागा घेत नाही. धर्मन्यायालय एवढेच पाहते, की वेदीपुढे झालेला विवाह मुळात वैध होता की नव्हता. तो शून्य ठरला, तर संस्काराच्या दृष्टीने माणूस मोकळा होतो. पण शासनाच्या नोंदीत ते लग्न तसेच उभे असते. केरळमधील एक प्रकरण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. पहिला विवाह धर्मन्यायालयाने शून्य ठरविल्यावर एका स्त्रीने दुसरा विवाह केला. पहिला विवाह दिवाणी न्यायालयाने मोडलेला नसल्यामुळे दुसरा विवाहच कायद्याने अवैध ठरला. चर्चचा कागद हाती होता, तरी ती कायद्याने दुसऱ्या पतीची पत्नी ठरू शकली नाही. पुढे मंगळूरचे वकील क्लॅरेन्स पैस यांनी चर्चच्या न्यायालयांच्या निर्णयांना दिवाणी मान्यता मिळावी म्हणून याचिका केली. १९ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. या विषयावर आता वाद उरलेला नाही. उरले आहे ते आपले मौन. वेदीवरून आम्ही रॅफलच्या तिकिटांची सूचना देतो. ही सूचना मात्र कधी देत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. दिवाणी न्यायालयाचा हुकूम हाती आला म्हणून चर्चमध्ये पुन्हा लग्न लागत नाही. त्यासाठी धर्मन्यायालयाकडेच जावे लागते. ती वाट पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या आदेशाने दुसऱ्या न्यायालयाकडून निर्णय कायम करून घेण्याची सक्ती गेली, उघड प्रकरणांसाठी बिशपांपुढे लवकर निकालाची सोय झाली, आणि हे काम शक्य तेथे मोफत व्हावे अशी अपेक्षा व्यक्त झाली. ‘लग्न शून्य ठरले तर आमची मुले अनौरस होतील’ या भीतीने कित्येक मातापिता अर्जच करीत नाहीत. ही भीती निराधार आहे. धर्मकायद्याचा ११३७ वा नियम अशा मुलांना औरसच मानतो. हे त्यांना कोणी सांगायचे?

चौथा आक्षेप पवित्र शास्त्राचा आहे, म्हणून तो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्ती बंधूंनी एकमेकांना कोर्टात खेचण्याबद्दल कडक शब्दांत कान उघाडणी करतो. त्याचा आधार घेऊन पिचलेल्या बाईला ‘कोर्टाची पायरी चढू नकोस’ असे बजावले जाते. पण तो अध्याय पुन्हा उघडून पाहावा. पौल तेथे मंडळीला लाजवितो. दोन भावांच्या मधे बसून निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय, असा त्याचा सवाल आहे. तो सवाल त्या बाईला नाही. तो धर्मग्रामाला आहे, आम्हांला आहे. पौलाला हवा असलेला शहाणा माणूस आपण तयार केला नाही आणि कोर्टात गेली म्हणून तिलाच दोष दिला, तर त्या अध्यायाने दोषी आपणच ठरतो.

आता तो शहाणा माणूस कोण, याचा विचार करू. तो बहुधा धर्मगुरू नसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही दोघांच्याही घरी जेवलेले असतो, एकाची आई कॉयरमध्ये गाते, दुसऱ्याचा काका वित्तसमितीवर असतो, आणि कदाचित दोघांचाही पापनिवेदनाचा कबुलीजबाब आम्ही ऐकलेला असतो. अशा माणसाने आशीर्वाद द्यावा, सोबत करावी, पण पंच होऊ नये. मध्यस्थ हा दोघांनाही सारखाच परका आणि त्या कामात शिकलेला हवा.

मध्यस्थी म्हणजे समजूत काढून पुन्हा नांदायला धाडणे, असा आपल्याकडे समज आहे. नांदणे शक्य असेल तर त्यासारखे सुख नाही, आणि त्यासाठी समुपदेशक आहेत; माहीमचे ‘स्नेहालय’ हे महाधर्मप्रांताचे कुटुंबसेवा केंद्र त्यासाठीच आहे. पण नांदणे संपले असेल, तर सभ्यपणे दूर कसे व्हावे हे ठरविणे हेही मध्यस्थीचेच काम आहे. मुले कोणाकडे राहतील, नाताळच्या सुट्टीत कोणाकडे जातील, शाळेची फी कोण भरील, खोलीचे काय, दागिन्यांचे काय, बँकेच्या कर्जाचे काय, हे दोघांनी एका टेबलाशी बसून ठरवावयाचे. मध्यस्थ निकाल देत नाही. तो बोलणे तुटू देत नाही. तेथे झालेले बोलणे गुप्त राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वैवाहिक वादांत मध्यस्थीचा पुरेपूर प्रयत्न व्हावा असे बजावले, आणि २०२३ मध्ये संसदेने मध्यस्थीसाठी स्वतंत्र कायदाच केला. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानी ठेवावी : मध्यस्थापुढे कितीही सुंदर करार झाला, तरी लग्न मोडते ते न्यायालयाच्या हुकमानेच. स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, गावकीचा ठराव यांनी ते मोडत नाही.

आणि जेथे मारहाण आहे, तेथे मध्यस्थीचे टेबल मांडूच नये. एकाच्या मनगटाची भीती दुसऱ्याच्या तोंडावर असताना होणारा करार हा करार नव्हे. तेथे आधी जीव वाचविणे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत पोलिसांच्या बरोबरीने सुरू केलेला स्त्रियांसाठीचा विशेष कक्ष याच कामातून उभा राहिला. मंगळूरच्या कॅथोलिक कुटुंबातून आलेल्या फ्लेविया अ‍ॅग्नेस यांनी स्वतः मारहाणीचा संसार सोसला, त्यातून बाहेर पडून त्या वकील झाल्या आणि ‘मजलिस’ ही संस्था उभारून त्यांनी मुंबईतल्या असंख्य स्त्रियांना कोर्टात आधार दिला. त्यांच्यासारखी स्त्री आपल्यातून उभी राहिली, याचा अभिमान आपल्या किती धर्मग्रामांत बोलून दाखविला जातो?

कोर्टाचीही एवढी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेले मुंबईचे कौटुंबिक न्यायालय १९८९ पासून काम करीत आहे. अंधेरी-बोरिवलीकरांनी वांद्र्याला उतरावे, मुलुंड-घाटकोपरकरांनी कुर्ल्याला. तेथून वांद्रे-कुर्ला संकुलातली ती इमारत बस-रिक्षाच्या टप्प्यात आहे. आधी समेटाचा प्रयत्न करणे हे कायद्यानेच त्या न्यायालयाचे कर्तव्य ठरविले आहे, आणि त्यासाठी तेथे विवाह-समुपदेशक असतात. दोघांपैकी एकाने मागितले, तरी कामकाज बंद दाराआड चालते. वकिलाशिवाय स्वतः उभे राहता येते. पण सल्ल्याशिवाय उभे राहू नये. तो सल्ला पैशांवाचून अडत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. पुरुषांनाही उत्पन्नाच्या मर्यादेत तो मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला, तरी वाट कळते.

दोघांची संमती असेल, तर कलम १०-अ प्रमाणे एकत्र अर्ज करता येतो. त्यानंतर सहा महिने उलटल्यावर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयाला सांगावयाचे, की आमचा निश्चय कायम आहे. इतर समाजांना त्याआधी एक वर्ष वेगळे राहणे पुरते. ख्रिस्ती दांपत्यासाठी कायद्याच्या पुस्तकात दोन वर्षे लिहिली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एक वर्ष अशी वाचली आणि २०२२ च्या डिसेंबरात ती एका वर्षाची अटही घटनाबाह्य ठरविली. एकाच ख्रिस्ती समाजाला केरळात एक मोजमाप आणि पुस्तकात दुसरे, असे का, हा प्रश्न आपल्या संघटनांनी शासनाला विचारावयास हवा. आणि बोरिवलीतल्या माणसाने अर्ज करण्याआधी आपल्या न्यायालयात आज काय चालते, हे वकिलालाच विचारावयास हवे. पोटगीचेही तसेच. खटला चालू असताना पत्नीला पतीच्या उत्पन्नाच्या एक-पंचमांशाहून अधिक मिळू नये, ही जुनी मर्यादा २००१ मध्ये गेली आहे. ती अजून आहे असे सांगून कमी रकमेवर सही घेणारी माणसे आहेत.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. प्रत्येक डीनरीत आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवावी. तेथे दोन वकील बसावेत, एक प्रशिक्षित मध्यस्थ आणि एक समुपदेशक असावा. ते प्रापंचिकांतले असावेत, आणि त्यांत स्त्रिया असाव्यात. आपल्या समाजात वकिलांची वाण नाही. सणाच्या स्मरणिकेत त्यांच्या जाहिराती आम्ही दर वर्षी छापतो. विवाहपूर्व वर्गात फुले, गायन आणि स्वभाव यांवर तास होतात. एक तास कायद्यावर आणि कागदपत्रांवर व्हावा. खोली दोघांच्या नावे असावी, कोऱ्या कागदावर सही करू नये, हे वधूवरांना त्याच वर्गात कळावे. आणि वर्षातून एकदा तरी वेदीवरून सांगितले जावे, की चर्चचा कागद आणि कोर्टाचा कागद हे दोन आहेत.

यामुळे घरे मोडतील असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांना एवढेच विचारतो : दवाखाना उघडल्याने आजार वाढतात काय? नांदू शकणारी कितीतरी जोडपीही त्या संध्याकाळी तेथे येतील, कारण कोणीतरी त्यांचे ऐकून घेईल. ज्यांचे नांदणे संपले आहे, ती निदान एकमेकांना आणि मुलांना ओरबाडल्याशिवाय दूर होतील. आणि रविवारी मिस्साला येताना त्यांना मागच्या बाकावर तोंड लपवून बसावे लागणार नाही.

त्या बाईची आम्हांला पुढे एकदा गाठ पडली. तिने आम्हांला दोष दिला नाही. उलट ‘फादर, बरे आहात ना?’ असे विचारले. मुलगा मोठा झाला होता, ती भाड्याच्या खोलीत राहत होती. तिच्या त्या विचारपूशीने आम्हांला जे वाटले, ते कोणत्याही आध्यात्मिक शिबिरात वाटले नव्हते. पुढच्या शनिवारी पुन्हा एक लग्न आहे. नोंदवही उघडली जाईल आणि शेवटची सही आम्ही करू. त्या सहीची जबाबदारी चर्चच्या पायऱ्यांवर बॅण्ड वाजेपर्यंतच नाही, हे निदान आता तरी आपण मान्य करावे.